धड पायाचं माप

मुरारीच्या शालनला सहाव्या वर्षी ताप आला आणि जाताना तिच्या डाव्या पायातलं बळ घेऊन गेला. पुण्याच्या दवाखान्यात एका मुलीच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधलेला मुरारीनं पाहिला, आणि असा आधार आपण घरीच करायचा हे त्यानं तिथंच ठरवलं. दापोडीला मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात तो फिटर होता. साल त्रेपन्न. चिंचवडच्या गावठाणात त्याच्या हाताचा लौकिक होता, आणि तो त्याला जरा जास्तच ठाऊक होता.

पण घरी हत्यारं कुठली? ती आधी करायला हवीत. रुळाच्या तुकड्याची त्यानं ऐरण केली, मोटारीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यांच्या छिन्न्या केल्या. पट्टी एकसारखी वाकावी म्हणून खुंट्या ठोकून साचा केला. दोन्ही पट्ट्यांची भोकं समोरासमोर यावीत म्हणून आणखी एक साचा. तो केसभर चुकला म्हणून मोडला, पुन्हा केला. यात दोन वर्षं गेली. तोवर शालन अंगणात सरकत फिरायची आणि तिची आई सोजराबाई तिला कडेवर घेऊन नदीला न्यायची. आठ वर्षांची पोर कडेवर वागवणं म्हणजे काही खायचं काम नाही, पण साच्यात डोकं घातलेल्या माणसाला कोण सांगणार?

शेवटी माप घ्यायची वेळ आली. कारखान्यातल्या दत्तोबा मिस्त्रींनी त्याला शिकवलं होतं, "झिजल्या भागाचं माप घ्यायचं न्हाई. जोडीतला जो धड असंल त्याचं घ्यायचं." मोटारीला ते बरोबरच होतं. मुरारीनं शालनचा उजवा पाय मापला.

आधार सुबक झाला. बांधला तो सोजराबाईनं. मुरारी दारात उभा राहून बघत होता.

"सैल हाय, आन् लांब बी हाय," ती म्हणाली.

"चिंध्या भर. माझं माप चुकत न्हाई."

शालन भिंतीला धरून चार पावलं चालली आणि मुरारीचे डोळे भरून आले. पोर मग रोज चालली. आबानं केलंय म्हणून ओठ दाबून चालली.

दहाव्या दिवशी तिला ताप भरला. सोजराबाईनं पट्टे सोडले. जांघेत आधाराच्या वरच्या लोखंडी कड्यानं घासून रुपयाएवढी जखम झाली होती आणि तिला वास येत होता.

"दोन वरसं लोखंड कुरवाळलंत," सोजराबाई हळू आवाजात म्हणाली. "तिच्या ह्या पायाला कवा हात तरी लावला का?"

लावला नव्हता. त्या वाळक्या पायाकडं बघायचीच त्याला भीती वाटायची, आणि हत्यारं करण्याच्या नादात ती कधी कबूल करावी लागली नव्हती.

जखम भरायला दोन महिने लागले. मग मुरारी मापपट्टी घेऊन लेकीपुढं बसला. पाय चांगला दीड इंच आखूड होता, ते आता त्याला नुसत्या नजरेनंही दिसत होतं.

"दे बाळा, ह्याचंच माप घेतो."

शालननं पाय परकराखाली ओढून घेतला.

"नगं आबा," ती म्हणाली. "आई उचलती मला."