पद्माकाकूंची मालकी

विश्रामबागेतल्या त्या ऑफिसात सगळे पद्माकाकूंना ‘मालकीणबाई’ म्हणत. त्यात निम्मी थट्टा होती आणि निम्मं खरं होतं. पाण्याच्या टाक्या नि पाइपलाइनी दुरुस्त करायची कंत्राटं घेणारी ती फर्म गंगाधररावांची. कुठल्या साइटवर कोण आहे, काम कुठवर आलंय, हे बघायला त्यांनी मागे कधीतरी एक सॉफ्टवेअर घेतलं. नाव नोंदवताना त्यानं ईमेल मागितला, तर साहेब म्हणाले, “तुमचाच घाला हो. माझ्या डोक्याला ताप नको.” झालं! फर्म साहेबांची, पण सॉफ्टवेअरच्या लेखी अख्ख्या वर्कस्पेसची मालक पद्मा.

पद्मा मूळची वाईची. नवरा गेला आणि ती या खुर्चीवर येऊन बसली. घरी सून भाजी कुठली करू हेसुद्धा विचारत नसे. इथं मात्र नवा माणूस घ्यायचा, जुना काढायचा, कामाचे वार बदलायचे, की सगळ्यांना तिच्याकडे यावं लागे. तिला ते आवडायचं. का आवडू नये? ज्याला कुठंच कुणी विचारत नाही, त्यालाच विचारण्याची किंमत कळते.

मग साहेबांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि पुण्याहून मुलगा निमिष कारभार बघायला आला. येताना त्यानं एक एआय एजंट आणला. त्याला साध्या मराठीत लिहून सांगायचं, की तो सॉफ्टवेअरमध्ये शिरून सेटिंग्ज आपली आपण बदलून टाकायचा. पद्माला ज्याला अर्धा दिवस लागे, ते काम चहा निवायच्या आत व्हायचं. पण बदल मोठा असला की तो शहाणा अडून बसायचा. ‘यासाठी वर्कस्पेसच्या मालक पद्मा यांची परवानगी लागेल,’ असं लिहायचा. मग निमिषला काचेच्या केबिनमधून उठून काकूंच्या टेबलापाशी यावं लागायचं.

एकदा त्यानं एजंटला नवा नियम सांगितला. साइटवरच्या ज्या माणसानं संध्याकाळच्या आत फोनवर काम नोंदवलं नाही, त्याची त्या दिवसाची हजेरी आपोआप रद्द. पद्माच्या पडद्यावर प्रश्न आला. तिनं सरळ ‘नाही’ दाबलं.

“काकू, नाही का म्हणालात?”

“आपल्या मुकादमाची, भाऊसोची, माणसं कोयनानगरला आहेत रे. घाटात रेंज नसते. सकाळी ते वर चढून मला फोन करतात, मग मी नोंदवते.”

“ते त्यांचं त्यांनी बघावं ना.”

“मग हे माझं मी बघते.”

निमिष हसला. नुसत्या ओठांनी हसला. पद्मानं तिथंच सावध व्हायला हवं होतं. पण ती त्या ‘नाही’च्या गुर्मीत दोन दिवस ताठ मानेनं हिंडली.

त्याच आठवड्यात निमिषच्या बायकोनं, अबोलीनं, ऑफिसात चैत्रातलं हळदीकुंकू ठेवलं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं साग्रसंगीत. पद्मा सवयीनं पन्ह्याच्या भांड्यापाशी जाऊन उभी राहिली. विधवा बायकांनाही कुंकू लावायचं, असे ठराव हल्ली गावोगावी होतात, पेपरात फोटो येतात; पद्माच्या गल्लीपर्यंत तो ठराव काही पोचला नव्हता. नवरा गेल्यापासून तिनं पन्हं वाटलं होतं, पाटावर मात्र कुणी बसवलं नव्हतं.

“काकू, तुम्ही बसा ना,” अबोली म्हणाली.

“अगं, मी कशी...”

“बसा हो. आम्ही नाही मानत ते.”

सगळ्यांच्या देखत अबोलीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. गहू, नारळ, मोरपंखी खण. पदर पसरताना डोळ्यांतलं पाणी पद्मानं लपवलंही नाही. जिच्याकडून कसलीच अपेक्षा नव्हती, त्या परक्या पोरीनं तिला पुन्हा बायकांत आणून बसवलं होतं.

ती पाटावरून उठते न उठते तोच निमिष लॅपटॉप घेऊन आला. “काकू, एक छोटंसं राहिलंय.”

पडद्यावर एजंटचा प्रश्न होता: ‘वर्कस्पेसची मालकी निमिष यांच्याकडे सोपवायची? एकदा सोपवल्यावर तुमचा अधिकार राहणार नाही.’ पद्मानं सगळं नीट वाचलं. तिला अर्थही कळला. पण डाव्या हातात ओटीचा पदर होता, गहू सांडू नयेत म्हणून घट्ट धरलेला. ताज्या ओटीनं कुणाला ‘नाही’ म्हणता येतं? उजव्या हाताच्या बोटानं तिनं ‘हो’ दाबलं.

ओटीचा नारळ असाच ठेवत नाहीत, त्याचं गोड करायचं असतं. रात्री तिनं तो खवून वड्या केल्या आणि सकाळी डबा भरून ऑफिसला आणल्या. कॉम्प्युटर लावला, तर पडदा म्हणाला: ‘तुम्ही या वर्कस्पेसच्या सदस्य नाही. मालकाकडे विनंती पाठवायची?’

काहीतरी चुकलं असेल म्हणून तिनं विनंती पाठवली. काचेपलीकडे निमिषचा फोन वाजला. त्यानं बघितलं आणि फोन पालथा ठेवला. थोड्या वेळानं तो बाहेर आला, उघड्या डब्यातली एक वडी उचलून तोंडात टाकली.

“मस्त झाल्यात, काकू. आणि ते सेटिंग्जचं वगैरे आता एजंटच बघेल. तुम्ही इतकी वर्षं केलंत, आता घरी आराम करा.”

गरज सरो, वैद्य मरो. पण वैद्याच्या हातची वडी खाऊन मग मरो म्हणणारा तिनं पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात भाऊसोचा फोन आला. “आवं काकू, आमची समद्यांची कालची हजेरी उडालीया! कसला नवा नियम हाय म्हनं. जरा बघा की.”

“माझ्या हातात काही नाही, भाऊसो. मालकांना विचारा.”

“मालकीण तर तुमीच न्हवं का?”

तिनं फोन ठेवला. तिच्या एका ‘नाही’वर घाटातली माणसं विसंबली होती, आणि ते ‘नाही’ तिनं एका नारळाला दिलं होतं. तिला स्वतःची चीड आली.

जिन्यात अबोली भेटली. तिची मान खाली होती. “काकू, मला खरंच हे माहीत नव्हतं. निमिष म्हणाला, काकूंची ओटी भर, त्यांना बरं वाटेल.”

पद्मानं डब्याचं झाकण दाबून बसवलं. “वाटलं ना गं बरं,” ती म्हणाली. “इतकं बरं मला किती वर्षांत वाटलं नव्हतं. नुसतं फसवलं असतंत, तर मी विसरले असते.”