बर्गनचं ताक

ज्या मुलखात सूर्यच वेळेवर मावळत नाही, तिथं सोमवारचा उपास सोडायचा कसा? आज कोणाला या प्रश्नाचं हसू येईल. त्या दिवशी मला येत नव्हतं. सून दवाखान्यात अडली होती, तिच्या सासूचा अर्धवट राहिलेला नेम माझ्या गळ्यात होता, आणि मी नॉर्वे नावाच्या परक्या देशात कोरड्या तोंडानं आभाळाकडे पाहत बसलो होतो. महादेव इतक्या लांब येतो की नाही, हीच मला शंका होती.

मुळापासून सांगतो. मोहाडीजवळच्या गावात आमची धानाची शेती. शाळा मी चौथीत सोडली, का गुरुजींनी मला सोडलं, ते आता आठवत नाही. पण मान कोणापुढे वाकवली नाही. देवळातही ताठच जायचो. हात जोडायचो, मागायचो काही नाही. मनात पुष्कळ असायचं, पण देवानं ते आपणच ओळखावं असा माझा हट्ट. माझी बायको भागीरथी यावरून मला नेहमी टोचायची.

"ताकाले जाता आन् गाडगं लपवता," म्हणायची. "देवाले तरी मोकळ्या तोंडानं मागा. काहून लाजता?"

"त्याले समजत नाही का?" मी म्हणायचो.

"त्याले समजते जी. तुम्हालेच समजत नाही."

आमचा एकुलता एक मुलगा सुधाकर शिकून इंजिनियर झाला. आधी चिखल्याच्या खाणीवर होता, मग नोकरीनं त्याला थेट नॉर्वेतल्या बर्गन शहरात नेलं. सून शोभा सानगडीची. तिकडं गेल्यावर पहिल्या खेपेला तिचं पोट पडलं. तेव्हा भागीरथीनं शोभाला पत्रातून शब्द दिला, "पुढच्या बाळंतपणाले मी स्वतः येईन," आणि तिच्यासाठी सोळा सोमवार धरले. सोमवार अर्धेही झाले नव्हते, तोच एका तापात ती गेली.

तिचे उरलेले सोमवार मी उचलले. शोभाला पुन्हा दिवस गेले होते. तिची आई अंथरुणाला खिळलेली, जाणार कोण? मी म्हटलं, मी जातो. शब्द घरानं दिला होता. देणारं माणूस गेलं म्हणून शब्द जात नाही. गावात मात्र हशा पिकला. शेजारची तुळसाबाई तर अंगणात येऊन म्हणाली, "काहो भाऊजी, बाळंतपणाले बुढी जाते का बुढा? तिकडं जाऊन शेक-शेगडी तुम्ही करणार?"

"तू लाडू बांधून दे," मी म्हटलं. "बाकी मी पाहून घेतो."

हसत हसत तिनंच डिंकाचे लाडू बांधून दिले. मी धोतराच्या घडीत वाळलेली बेलाची पानं ठेवली आणि विमानात बसलो.

बर्गन मला आवडलं, हे कबूल करतो. चारही बाजूंनी डोंगर, मध्ये समुद्राचं पाणी, काठाला लाल-पिवळी लाकडी घरं. तिकडच्या वसंताचे दिवस होते. डोंगराच्या माथ्यावर बर्फ आणि खाली झाडं फुलांनी लदलेली. पाऊस तर उठता-बसता. एवढं पाणी, आणि धानाची एक बांधी नाही, याची मला हळहळ वाटायची. माणसं अबोल पण भली. फक्त एक गोष्ट कळेना. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात जो तो "ताक, ताक" करायचा. पैसे दिले की ताक, दार उघडून धरलं की ताक. मला वाटलं, काय ताकाचा शौकीन मुलूख आहे! पण एवढं ताक कोणी पिताना काही दिसेना. सुधाकरला विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण मुलापुढे अडाणी कोण दिसणार? विचारलं नाही.

शेवटचा सोमवार आला आणि त्याच दिवशी सकाळी शोभाला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि सुधाकरचा चेहरा उतरला. "बाबा, बाळ पायाळू आहे," तो म्हणाला. "पाय खाली आहेत. वेळ लागंल म्हणतात." पायाळू बाळाचं आमच्या गावात काय होत असे ते मी पाहिलेलं होतं.  वऱ्हांड्यातल्या खुर्चीवर बसून राहिलो.

दुपार गेली, संध्याकाळ म्हणायची वेळही गेली. भागीरथी सोमवारी दिवसभर पाणीही घेत नसे. सूर्य मावळला, महादेवापुढे दिवा लागला, की मग ती तोंडात काही घाली. मीही तेच धरलं होतं. पण तिकडच्या वसंतात सूर्य घरी जायचं नावच घेत नाही. जेवणाची वेळ टळून गेली तरी बाहेर चांगलं ऊन. सुधाकर मधूनच बाहेर आला, माझं तोंड पाहून वैतागला.

"बाबा, मोहाडीत कवाच अंधार पडला. तिकडच्या सूर्यावर सोडा उपास."

"मी इथं बसलो आन् सूर्य मोहाडीचा? असं कुठं असते का?"

"मंग चक्कर येऊन पडा! मी तिले पाहू का तुम्हाले पाहू?"

आतून शोभाचा ओरडण्याचा आवाज आला आणि तो धावत परत गेला. मला तो आवाज बसू देईना. आत जाता येत नव्हतं, करता काही येत नव्हतं. म्हटलं, निदान सूर्य तरी गाठू. तो मावळताना पाहिला की नेम पुरा होईल, आणि नेम पुरा झाला की देवाला आपलं काम करावंच लागेल. होय, असाच विचार केला मी. देवाशी व्यवहारच चालला होता माझा, तोही मुक्यानं.

दवाखान्यातून निघालो आणि सूर्याच्या दिशेनं चालत सुटलो. पूल ओलांडला, पलीकडच्या डोंगराची चढण लागली. सूर्य त्या डोंगराच्या खांद्यावर बसून होता, उतरायला तयार नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मागे वळून पाहिलं तर सगळी घरं सारखी, दवाखाना कुठला ते कळेना. मी एका कुंपणाच्या दगडावर बसलो.

कुंपणाच्या आत माझ्याच वयाची एक बाई बटाटे लावत होती. डोक्याला रुमाल, हाताला माती. सरीत कोंबाचा डोळा वर करून बटाटा ठेवायची आणि हातानं माती ओढायची, सावकाश, बयजवार. तिच्या बादलीतले दोन बटाटे घरंगळून माझ्या पायाशी आले. मी उचलून दिले. ती म्हणाली, "ताक."

दिवसभर कोरडं तोंड, आणि कानावर ताक! मला माझा ओसरीचा खांब दिसला, रवीचा दोर ओढणारी भागीरथी दिसली. डोळे भरून आले. मी हात हलवून म्हटलं, "ताक नाही बाई, ताक नाही. उपास आहे. सूर्य मावळू दे." आणि बोटानं सूर्य दाखवला.

तिनं माझ्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. मग बादली खाली ठेवली आणि सरळ माझा हात धरला. उभ्या जन्मात मला असा हात धरून कोणी चालवलं नव्हतं. मी सोडवून घेतला असता, पण अंगात त्राण नव्हतं. ती मला वाफ्याच्या पलीकडे, डोंगराच्या अगदी पायथ्याला टेकलेल्या तिच्या घराकडे घेऊन गेली. आणि तिथं सावली होती. थंड, निळसर, दिवेलागणीची सावली. मी मान वर केली. सूर्य डोंगराआड गेला होता. पाठीमागे रस्त्यावर अजून ऊन होतं, आणि या बाईच्या घरी सूर्य मावळलेला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिनं एक मेणबत्ती लावून ठेवली होती.

आमच्याकडे सगळ्या गावाचा सूर्य एकदमच मावळतो. एकेका घराचा वेगळा मावळतो, हे मला ठाऊक नव्हतं.

तिनं मला टेबलापाशी बसवलं, हात धुतले आणि थंड कपाटातून काढून काहीतरी पांढरं पेल्यात ओतून माझ्यापुढे ठेवलं. दाट, आंबूस वासाचं. बोट बुडवून पाहिलं. खरोखरचं ताक! मी खिशातलं बेलाचं पान काढून त्या मेणबत्तीपुढे ठेवलं. पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात भागीरथी कानाशी बोलल्यासारखी वाटली, गाडगं लपवता. आणि मग मला धीर धरवला नाही. त्या परक्या बाईसमोर, टेबलावर कपाळ टेकून मी मोठ्यानं म्हटलं, "महादेवा, माझ्या पोरीले वाचव. माझा नेम-बिम राहू दे. मी मागून राहिलो तुले. भीक मागून राहिलो." सून म्हणालो नाही, पोरच म्हणालो.

मग ताक प्यायलो. बाई खांद्यावर हात ठेवून उभी होती. मी दोन्ही हातांनी पाळणा हलवून दाखवला, पोटावर हात ठेवला, डोळे पुसले. तिला सगळं कळलं. तिनं कोट चढवला आणि मला धरून थेट दवाखान्याच्या दारात आणून सोडलं. दारात सुधाकर मला शोधत उभा होता. रडत होता की हसत होता, कळेना.

"कुठं गेले होते बाबा? पोरगी झाली! दोघीही चांगल्या आहेत."

कधी झाली, ते मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही. कोणी हिशोब मांडून काही सिद्ध करावं, असं मला वाटत नाही. मला जे मिळायचं ते मिळालं होतं.

वळून त्या बाईला मी आनंदानं म्हटलं, "ताक फार चांगलं होतं बाई! ताक, ताक!" तिनं माझे दोन्ही हात धरले आणि तिचेही डोळे भरले. सुधाकर चकित. "बाबा, तुम्हाले इथली भाषा कवा आली?"

"कोणती भाषा?"

"ताक म्हणजे आभार. तुम्ही त्यांचे आभार मानून राहिले ना!"

 आमच्या गावात कोणी कोणाचे आभार मानत नाही, आणि मी तर देवाचेही मानलेले नव्हते. ते माझ्या तोंडून कोणीतरी वदवून घेतलं होतं, मला न विचारता.

शोभा घरी आल्यावर मी लाडू घेऊन सुधाकरसोबत त्या बाईकडे गेलो. तिनं लाडू खाल्ला, आणखी एक मागून घेतला. मागायला तिला काही लाज वाटली नाही. सुधाकरनं सगळी हकिगत तिला तिच्या भाषेत सांगितली, तेव्हा तिनं मान वळवून डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाली, "लग्न होऊन या घरी आले तेव्हापासून मी या डोंगराला शिव्या देते. माझ्या बटाट्यांचं ऊन हा लवकर पळवतो म्हणून. आता देणार नाही."

शोभाला मी रोज लाडू दिला, हळदीचं दूध दिलं, पोरीला मांडीवर घेऊन गाणी म्हटली. भागीरथीचा शब्द जमेल तसा पाळला. पोरीचं नाव तिच्या आजीचंच ठेवलं.

गावी परत आल्याला आता बरेच दिवस झाले. नेम केव्हाच फिटला, तरी सोमवारी दिवेलागणीला मी महादेवापुढे बेलाच्या पानाजवळ वाटीभर ताक ठेवतो. तुळसाबाईनं एकदा पाहिलं. म्हणाली, "काहो भाऊजी, महादेवाले दूध वाहतात. ताक कोणी वाहते का?"

मी म्हटलं, "वाहत नाही वो. ताक म्हणून राहिलो."

तिला काही कळलं नाही. पण ज्याला म्हणतो त्याला कळतं. आताशा मी मागायचं असेल ते वाटीसारखं पुढे ठेवून मोकळ्या तोंडानं मागतो. गाडगं लपवत नाही.