थेंब घातले, मामी

या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं बायकोला मोठ्याने वाचून दाखवत आलोय — आणि खरं सांगतो, ते हसण्यासाठी. पिंपळाखाली कुणाला कोणी दिसलं की मी म्हणायचो, "चष्म्याचा नंबर तपासा." बंद खोलीतून आवाज आला की, "उंदीर." प्रत्येक अनुभवाला माझ्याकडे एक-दोन शब्दांचं उत्तर तयार. तेव्हा आज माझं वाचून तुमच्यापैकी कुणी खाली "उंदीर" असं लिहिलं, तर मला तक्रार करायला तोंड नाही. फक्त उंदीर स्तोत्र म्हणत नाहीत, एवढं लक्षात असू द्या…

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे, कचेरी चेन्नईत नुंगंबाक्कमला. दोन वर्षांसाठी म्हणून बदली घेतली होती. आता माझी मुलगी मराठीपेक्षा तमिळमध्ये जास्त छान भांडते, यावरून किती वर्षं झाली ते समजून घ्या. राहतो तिरुवल्लिकेणीत. समुद्र चालत जाण्याइतका जवळ, गल्ली जेमतेम एक ऑटो जाईल एवढी, आणि समोर बॅचलर लोकांचं एक जुनं मॅन्शन. घर दुमजली आहे. खाली आम्ही तिघं — मी, बायको शुभदा आणि मुक्ता. वर घरमालकीण, रुक्मिणीबाई.

सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते. मूळच्या तंजावरकडच्या मराठी. घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "घर होना की नको, नीट सांग." मला वाटलं, एखाद्या जुन्या बखरीतून कुणीतरी बाहेर येऊन तमिळ हेल काढत माझ्याशी बोलतंय. घराच्या मधोमध चौकोनी उघडी जागा आहे, वरच्या मजल्यावर तिला लोखंडी जाळी. त्या जाळीतून वरच्या फोडणीचा वास आणि मामींची मतं, दोन्ही थेट आमच्या जेवणाच्या टेबलावर उतरतात.

करोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा मुक्ता नववीत होती. तिच्या शाळेने नियम केला — दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी घरी टेस्ट करायची, किटचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा, मगच घराबाहेर पडायचं. ग्रुपवर पालकांची कुरकुर सुरू झाली. मीही एक लांबलचक निषेध टाईप केला होता. शुभदाने तो पाठवायच्या आत पुसला. संसार टिकतो तो असा.

पण आमच्या घरातली कुरकुर मुक्ताच्या एका वाक्याने संपली. तिची मैत्रीण नंदिनी पलीकडच्या गल्लीत राहते. दोघी एका ऑटोने शाळेत जायच्या, एका बाकावर बसायच्या, डबाही एकमेकींचाच खायच्या. नंदिनीच्या आईची तेव्हा केमोथेरपी चालू होती. त्या बाईंनीच हट्ट धरला होता की माझ्या आजारपणापायी मुलीची शाळा बुडता कामा नये. मुक्ता म्हणाली, "अप्पा, माझ्याकडून नंदूला आणि नंदूकडून तिच्या अम्माला गेलं, तर त्यांच्याकडे लढायला आत काहीच नाहीये."

झालं. मी आमच्या घरच्या प्रयोगशाळेचा स्वयंघोषित प्रमुख झालो. नाकात काडी फिरवायची मुक्ताने, ट्यूबमध्ये घोळवायची तिनेच, थेंब टाकायचे तिनेच. प्रमुखाकडे दोन कामं — चष्मा लावून बघणं आणि मोबाईलवर पंधरा मिनिटं मोजणं. त्यातलं दुसरं मला झेपलं नाही. एकदा टायमर लावून मी एक फॉरवर्ड वाचत बसलो, टायमर वाजून गेला, आणि किट बघितलं ते केव्हातरी खूप नंतर. त्यावर पुसट डाग. घरात हलकल्लोळ. मग कागदावरचं बारीक अक्षर वाचलं तर वेळ उलटल्यावर दिसलेलं धरायचं नसतं. पुन्हा टेस्ट, मुक्ताला उशीर, आणि शुभदाने मला पदावरून काढलं.

मग उपाय मुक्ताने शोधला. मामी रोज पहाटे एक स्तोत्र म्हणायच्या. जुन्या मराठीतलं, त्यांच्या आजीकडून तोंडी आलेलं. कुठल्या पुस्तकात मी ते पाहिलेलं नाही. संपलं की पितळी घंटा. मुक्ताच्या लक्षात आलं की मामींची लय कधी बदलत नाही. ताप असो, पाऊस असो, गल्लीत मिक्सर फिरत असो… स्तोत्राला बरोबर किटएवढाच वेळ लागतो. तिने वर जाऊन मामींना किट दाखवलं, सगळं समजावून सांगितलं. मामींनी मान डोलावली. "म्हणजे माझं स्तोत्र स्कूलला होना?"

तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी मामी मुक्तासाठी थांबू लागल्या. मुक्ता जाळीखाली उभी राहून ओरडायची, "थेंब घातले, मामी." वरून उत्तर, "सरी, कन्ना" — म्हणजे बरं, बाळा. मग स्तोत्र, मग घंटा, मग आम्ही बघायचं. घंटेआधी किटकडे बघायला प्रमुखाला सक्त मनाई. सत्तरीपलीकडच्या त्या बाईंनी एकदाही उशीर केला नाही, एकदाही घाई केली नाही. माझ्या कचेरीत असं एक माणूस दाखवा… मी स्वतःला धरून म्हणतोय.

आता त्या गुरुवारविषयी.

त्या दिवशी शाळेत थ्रोबॉलच्या टीमची निवड होती. चेन्नईतल्या मुलींना थ्रोबॉल म्हणजे काय असतं हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मुक्ता दोन वर्षं गच्चीवर एकटी भिंतीशी खेळली होती. तिचा बॉल मामींच्या वाळवणावर इतक्यांदा पडला की आमच्याकडे तुटक्या पापडाची भाजी हा कायमचा पदार्थ झाला होता. आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं तिला नवे बूट घ्यायला गेलो आणि जेवूनच परतलो. बुटांचा खोका उशाशी घेऊन ती झोपली.

सकाळी तिने काडी फिरवली, थेंब टाकले, आणि बूट घालता घालताच ओरडली, "थेंब घातले, मामी."

"सरी, कन्ना" आलं नाही. एकदम स्तोत्रच सुरू झालं. मला वाटलं, मामींना आज मुक्तापेक्षा जास्त घाई दिसतेय.

मी नियम मोडून चष्म्याच्या कडेने किटकडे बघत होतो. एक रेघ आली. दुसरीचा पत्ता नाही. बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला — नंदिनी आत बसलेली. आणि वर स्तोत्र शेवटाला आलं… आणि परत मागे गेलं.

"मामी विसरल्या वाटतं," शुभदा म्हणाली.

पुन्हा ते शेवटचं कडवं आलं, पुन्हा शेवटाशी थबकलं, पुन्हा मागे. मी घड्याळ बघितलं. वेळ भरली होती.

"एकच रेघ आहे," मी म्हणालो. "काढ फोटो, निघ."

"घंटा नाही वाजली."

"अगं, घंटा म्हणजे काय मेडिकल सायन्स आहे का? घड्याळ बघ."

"तुमचं घड्याळ मागच्या वेळी पण होतं, अप्पा."

शुभदाला हसू आवरेना. बाहेर हॉर्न. वर तेच कडवं, तिसऱ्यांदा की चौथ्यांदा. आवाजात त्रास नव्हता, चीड नव्हती. शाळेतल्या बाई चुकणाऱ्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावतात, तसा शांतपणा होता. मुक्ता एका पायात बूट घालून जाळीकडे बघत उभी होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"अप्पा," ती म्हणाली, "मी आज काडी नीट नाही फिरवली."

"म्हणजे?"

"नुसती लावली आणि काढली. घसा पण जरा खवखवतोय, कालपासून. मला निवडीला जायचं होतं." मग तिने बूट काढला. "दुसरं किट दे ना, अम्मा."

शुभदाने किट दिलं. मुक्ताने या वेळी काडी अशी फिरवली की डोळ्यांतून पाणी आलं… पाणी काडीचंच होतं असं नाही. थेंब टाकले. ओरडली मात्र नाही. वर ते चालूच होतं.

दुसऱ्या किटवर वाट बघावीच लागली नाही. दुसरी रेघ पहिलीच्या आधी उमटली म्हणा ना, इतकी ठळक.

आणि त्याच क्षणी वरचं शेवटचं कडवं पूर्ण झालं. घंटाही वाजली, पण नेहमीची नाही. मामींची घंटा जड आहे, तिचा आवाज रेंगाळतो. हे तीन बारीक टिणटिण आवाज आले आणि विझले. मुक्ता तशातही म्हणाली, "घंटेला काय झालं?"

शुभदाने दारातूनच ऑटो परत पाठवला. नंदिनीला लांबूनच हात केला. मुक्ता मागच्या खोलीत गेली, दार लावलं, आणि बुटांचा खोका भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. पुढे लॅबच्या तपासणीतही पॉझिटिव्हच निघालं. पण ते नंतर.

आधी मामींना सावध करायला हवं होतं. शुभदा मास्क लावून अर्ध्या जिन्यापर्यंत गेली आणि लगेच खाली आली. "अहो, वर कुलूप आहे."

"एवढ्यात कुठे गेल्या?"

"कुलपावर कालचा गजरा अडकवलेला आहे. सुकलाय."

आम्ही फोन लावला, स्पीकरवर. मामी म्हणाल्या, "मी काल सांजेलाच अड्यारला आलें गे. लेकीचा पाय मुरगळला. तुमच्या दाराला कुलूप, सांगू कोणाला?"

अड्यार आमच्यापासून सात-आठ किलोमीटर. शुभदाने माझ्याकडे बघितलं. मी जाळीकडे. शुभदाच धीराची, तिने विचारलं, "मामी, आज स्तोत्र…?"

"म्हणालें की. गुरुवार नाही का? मुलीची टेस्ट. अड्यारहून ऐकू जात नाही, तें मला कळतें. पण तिकडे थेंब पडले असणार, मग मी गप्प कशी बसूं?"

"वेळ लागला का हो आज?"

"अय्यो, तें विचारूं नको. शेवटचें कडवेंच येईना. इतकी वर्षें म्हणतें, असें कधी झालें नाही. जिभेवर येतें आणि जातें. पुन्हा मागून धरलें, पुन्हा तिथेंच. लेक म्हणाली, अम्मा, पुरे, कॉफी थंड झाली. मी म्हटलें, शेवट झाल्याशिवाय घंटा कशी वाजवूं? घंटेशिवाय ती मुलगी बघणार कशी?"

मागच्या खोलीचं दार किलकिलं झालं. आतून मुक्ता म्हणाली, "मामी, घंटा कोणती वाजवली?"

"इथें कुठली घंटा, कन्ना. लेकीचे देव सगळे फोनमध्ये. मी आपला कॉफीच्या टंबलरवर चमचा वाजविला. तीनदा."

मामी पलीकडून विचारत राहिल्या, "काय आलें गे? एक रेघ की दोन?"

माझा मेहुणा पुण्यात इंजिनिअर आहे. तो म्हणाला, सवय झाली की मेंदूला न वाजलेलंही ऐकू येतं. मी म्हटलं, तिघांच्या मेंदूला एकच चूक, एकाच कडव्यावर? तर म्हणाला, टेप असेल. मामींकडे टेप नाही, रेडिओ आहे आणि तो कित्येक वर्षं फक्त खरखरतो. आणि संध्याकाळी समोरच्या मॅन्शनमधला, रात्रपाळी करून सकाळी झोपणारा मुलगा दारापासून लांब उभा राहून मला म्हणाला, "सार, मामींना सांगा ना, आज फारच वेळ चाललं होतं." त्याला तर आमची टेस्टही माहीत नव्हती. मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. उंदीरही धरून बघितला. उत्तर नाही, आजही नाही.

माझ्या मनात राहिलेत ते दोघींचे आवाज. एक बाई जिथून आवाज पोहोचणं शक्य नाही तिथे बसून, गार झालेली कॉफी बाजूला सारून, कुणाच्या तरी मुलीसाठी पुन्हा पुन्हा मागून धरतेय. आणि एक मुलगी, जिला त्या सकाळी एका रेघेचा फोटो टाकून पळता आलं असतं, बूट काढून म्हणतेय, दुसरं किट दे. नंदिनीच्या घरात कुणालाही काही झालं नाही. तिच्या आईची ट्रीटमेंट मध्ये न थांबता पूर्ण झाली.

मुक्ता पुढच्या वर्षी टीममध्ये आली. पहिल्या मॅचला नंदिनीची आई आली होती, डोक्यावर बोटभर नवे केस, आणि मैदानात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. शेजारी मामी. त्यांना थ्रोबॉलमधलं काही कळत नाही. कुठल्याही बाजूचा बॉल पडला की "पापम", म्हणजे बिचारा, म्हणायच्या.

आता किट्स नाहीत, फोटो नाहीत, नियम कधीच संपला. मुक्ता कॉलेजात आहे, सकाळी आठच्या आत तिला देवही उठवू शकत नाही. पण गुरुवारी पहाटे जाळीतून अजून विचारणा होते, "थेंब घातले का गे?"

आणि पांघरुणातून, डोळेही न उघडता, मुक्ता उत्तर देते, "घातले, मामी."

मग वर स्तोत्र सुरू होतं. आणि मी, काही कारण नसताना, घंटा वाजेपर्यंत टेबलाशी बसून राहतो.