यान्बूचे संशयात्मे

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. सौदीतल्या यान्बूत दारं-खिडक्या कितीही घट्ट लावा, संध्याकाळी टेबलावरून बोट फिरवलं की धूळ असतेच. तसंच हे. रिफायनरीचं गाव, समुद्राकाठचा फिरायचा रस्ता म्हणजे कॉर्निश, दोन-तीन मॉल, आणि आपली म्हणावी अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. त्यात चार माणसं दर आठवड्याला एका टीव्हीसमोर बसली की वर्षभरात पोतंभर किस्से जमतात.

आमच्या चौघांचा विषय मात्र विचित्र. ग्रीसच्या उत्तरेकडचा एक फुटबॉल क्लब! मी मिरजेचा, धंद्याने पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. बायको वैदेही. तिसरे मुश्ताकभाई, हर्णैच्या बाजूचे, इथे एसी दुरुस्तीचं दुकान. आणि ज्याच्यामुळे हे सगळं आमच्या मागे लागलं तो स्टावरोस, आमच्या हॉस्पिटलचा बायोमेडिकल इंजिनियर.

हे आज सांगायचं कारण स्टावरोसचे वडील. म्हाताऱ्याला यान्बूत ठेवून घ्यायचं होतं, आणि म्हाताऱ्याचा पृथ्वीतलावर कोणावरही विश्वास नव्हता. मुलावर तर अजिबातच नाही.

*

स्टावरोसची माझी पहिली भेट लॅबमध्ये झाली. आमचं रक्त तपासायचं मशीन बंद पडलं होतं. तो आला, झाकण उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टर, याला हात कोणी लावला?"

"कोणीच नाही. आपोआप बंद पडलं."

"आपोआप काहीच होत नाही," तो म्हणाला. "आमच्या क्लबलाही सगळे म्हणतात, तुम्ही आपोआप हरता."

कुठला क्लब, असं मी विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं. पुढचा पाऊण तास मशीन तसंच उघडं पडलं होतं.

*

क्लबचा इतिहास असा. शंभर वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून घरदार सोडून निर्वासित आले. त्यांना बंदरावरच्या तंबाखूच्या गोदामांत ठेवलं. तिथे पोरांनी क्लब काढला आणि पोत्यांच्या कापडाचे शर्ट शिवले. म्हणून रंग तपकिरी. जगात लाल, निळे, पिवळे असे क्लब असतात, हा पोत्याच्या रंगाचा!

"पहिल्या वर्षी सगळ्या मॅच हरलो," स्टावरोस अभिमानाने सांगायचा. "रेफ्री मिळालेले होते."

"सगळे?"

"सगळे."

आजवर क्लबने मिळवलेले कप दोन. त्यातला एक चोरीला गेला. मी सहज म्हटलं, विरोधी क्लबच्या लोकांनी नेला असेल. स्टावरोसने मान हलवली.

"शक्य नाही. चोर आमच्यातलाच. बाहेरच्या कोणाला माहीतच नव्हतं की आमच्याकडे कप आहे!"

*

मुश्ताकभाई या भानगडीत पडले ते एसीमुळे. स्टावरोसच्या फ्लॅटचा एसी गळत होता. हे स्टुलावर चढलेले, खाली मॅच चालू. काम संपलं तरी हे स्टुलावरच उभे. क्लब दोन गोलांनी हरला. मुश्ताकभाई खाली उतरले आणि म्हणाले, "नेक्स्ट मॅच कब है?"

झालं! स्टावरोसच्या डोक्यात किडा वळवळला. या क्लबला कोणी आपणहून धरत नाही. त्यात जन्म घ्यावा लागतो, आनुवंशिक आजारासारखा. मग हर्णैच्या माणसाला काय पडलंय? याला पाठवलं कोणी?

त्याने मुश्ताकभाईंची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. मॅचची वेळ चुकीची सांगायची, हे येतात का बघायचं. हे दोन तास आधी येऊन दाराबाहेर बसलेले! दारात माणूस इतका लवकर आला म्हणून संशय आणखी वाढला.

मुश्ताकभाई माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "डॉक्टर, हा माणूस माझ्यावर वहीम घेतोय. आमचे आजे जहाजावर होते, वादळात सगळा घालवून एका लुंगीवर घरी आले. ह्या लोकांची गोष्ट ऐकली आणि मला ते आठवले. ह्यात वहीम घ्यायसारखा काय हाय?"

मी हे सगळं स्टावरोसला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. डोळे ओलावले. नाक पुसलं.

"फार सुंदर गोष्ट आहे," तो म्हणाला. "इतकी सुंदर, की नक्की बनवलेली असणार."

*

मग मॅच आमच्या हॉलमध्ये सुरू झाल्या, कारण टीव्ही मोठा. एकदा वैदेही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आज छान खेळतायत हं तुमची मुलं!"

स्टावरोस ताडकन उभा राहिला आणि तीन वेळा थुंकला. फ्तू, फ्तू, फ्तू! नुसता आवाजच, पण आमच्या गालिच्यावर!

वैदेही आत निघून गेली. मी मागोमाग. "माझ्या घरात थुंकतो?" तिचा आवाज हॉलपर्यंत. आमची मुलगी खोलीतून ओरडली, "मम्मा, रिलॅक्स, इट्स देअर कल्चर!"

स्टावरोस दारात येऊन घाबरत म्हणाला, की कौतुक केलं की नजर लागते, म्हणून थुंकावं लागतं. वैदेहीचा राग क्षणात उतरला. "अगंबाई, दृष्ट होय! मग असं सांगा ना."

तिने मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, टीव्हीवरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. ठसका असा उठला की स्मोक अलार्म वाजला, कंपाउंडचा चौकीदार धावत आला, अर्धी बिल्डिंग खाली उतरली. आम्ही खोकत परत आलो तेव्हा क्लब हरलेला होता.

स्टावरोसने स्वयंपाकघरात जाऊन तव्याचा वास घेतला. मग त्याने वैदेहीला हळूच विचारलं, "मोहरी कुठल्या कंपनीची होती?"

*

आता फोनचा किस्सा. तो हसण्यासारखा सुरू होतो, पण पुढे तसा राहत नाही.

स्टावरोसचे वडील थानासिस, वय ऐंशीच्या वर, बायको गेलेली, घरात एकटे. पण स्टेडियममधली त्यांची जागा चुकली नाही. जाताना ते मुलाला फोन लावायचे आणि चालूच ठेवून खिशात टाकायचे. आमच्याकडे इंटरनेटवर मॅच पाऊण मिनिट उशिरा दिसायची. त्यामुळे खरं स्टेडियम आम्हाला म्हाताऱ्याच्या खिशातून ऐकू यायचं.

विरुद्ध बाजूने गोल केला की थानासिस रागाने फोन कट करायचे. म्हणजे इकडे फोन बंद झाला की आम्हाला कळायचं, आता पाऊण मिनिटात आपल्यावर गोल होणार. तरी आम्ही टीव्हीसमोर जीव मुठीत धरून बसायचो. मुश्ताकभाई दुवा मागायचे. "बघा, एखाद वेळी वाचेल!"

झालेला गोल वाचावा म्हणून दुवा मागणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत? आम्ही ती आहोत.

एका रविवारी फोन कट झाला. आम्ही श्वास रोखले. एक मिनिट गेलं, दोन गेली. गोल नाही. मॅच संपली, क्लब जिंकला.

कोणी टाळी वाजवली नाही. स्टावरोस आधी म्हणाला की चॅनेलवाले जुनी मॅच दाखवतायत. मग त्याने वडिलांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा नंबर चुकला, मग मी लावून दिला.

तासाभराने स्टेडियममधल्या शेजाऱ्याचा फोन आला. म्हातारा पायऱ्यांवर चक्कर येऊन पडला होता. डोक्याला टाके पडले होते. आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "मला कोणीतरी ढकललं!"

त्या संध्याकाळी स्टावरोस आमच्या गॅलरीत उभा राहून रडला. एकुलता एक मुलगा, आणि बाप खिशातल्या फोनमध्ये. तिथे परत गेलं तर नोकरी नाही, इथे राहिलं तर पुढच्या वेळी फोन कोण उचलेल? मला माझे मिरजेचे बाबा आठवले. मीही वेळेवर पोचलो नव्हतो. त्याला मी एवढंच म्हटलं, "त्यांना इकडे आण. बाकीचं आपण बघू."

*

आणलं! व्हिजिट व्हिसा काढला. दर वेळी वाढवून घ्यायचा आणि हळूहळू त्यांना इथेच रुळवायचं, असा बेत. परतीचं तिकीट मात्र म्हाताऱ्याने आधीच काढून घेतलं होतं, क्लबच्या शेवटच्या मॅचनंतरच्या आठवड्याचं. इथून मॅच बघून जातो, म्हणे, एवढं तुझं ऐकतो.

त्यांना घरचं वाटावं म्हणून मी, वैदेही आणि मुश्ताकभाई स्टावरोसकडचे तपकिरी मफलर घालून त्याच्याबरोबर एअरपोर्टवर गेलो. यान्बूच्या उकाड्यात लोकरीचे मफलर! वैदेहीने ते आदल्या दिवशी धुवून, कडक इस्त्री करून ठेवले होते.

थानासिस बाहेर आले, डोक्यावर टोपी, हातात काठी. आमच्याकडे बघून थबकले. माझ्या मफलरला दोन बोटांनी हात लावला, वास घेतला आणि मुलाला ग्रीकमध्ये काहीतरी विचारलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

स्टावरोस कसनुसा झाला. "विचारतायत, ही माणसं कुठून भाड्याने आणलीस?"

नंतर कळलं. त्यांच्याकडे मफलर कधी धुवत नाहीत. धुतला तर नशीब धुवून जातं. आणि इस्त्री? इस्त्री केलेला मफलर त्या गावाच्या इतिहासात कोणी पाहिला नव्हता!

*

पुढचे तीन आठवडे आमच्यावर पाळत होती. अरबी गहवा दिला तर "ही पिवळी कॉफी का आहे?" कॉर्निशवर नेलं तर समुद्राकडे बघून "पाणी इतकं शांत का आहे?" मी डॉक्टर म्हणून ब्लडप्रेशर मोजलं, तर त्यांनी दुसऱ्या हातावर पुन्हा मोजायला लावलं आणि दोन आकडे वेगळे आल्यावर माझ्याकडे असं बघितलं, की मलाच माझी डिग्री खोटी वाटायला लागली.

एकदा त्यांनी मुलामार्फत मला विचारलं, क्लबचं सगळ्यात चांगलं वर्ष कुठलं?

मी अभ्यास केला होता. "पहिला कप जिंकला ते!"

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बरोबर उत्तर वेगळं होतं. क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला आणि बाहेरगावच्या मॅचला सगळं गाव चालत गेलं, ते वर्ष.

स्टावरोसचा धीर सुटत चालला होता. "त्यांना वाटतं तुम्ही सगळे नाटक करता. मी त्यांना इथे अडकवायला हे उभं केलंय असं वाटतं. आणि डॉक्टर, वाईट म्हणजे, ते थोडंसं खरं आहे!"

*

शेवटची मॅच. जिंकली, आणि त्याच वेळी दुसऱ्या ग्राउंडवर चालू असलेल्या मॅचचा निकाल उलटा लागला नाही, तर क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये टिकणार, नाहीतर खाली. आणि जिंको वा हरो, म्हातारा पुढच्या आठवड्यात विमानात.

आम्ही आमच्या हॉलमध्ये बसलो. टीव्हीसमोर दोन खुर्च्या, एकीवर मुश्ताकभाई, शेजारी मी. स्टावरोस जमिनीवर. थानासिस दाराजवळच्या सोफ्यावर, बूट न काढता, लक्ष मॅचपेक्षा आमच्यावर जास्त.

क्लबने पहिला गोल केला. मुश्ताकभाई मध्ये मगरिबची नमाज पढून आले, तोवर दुसरा. मग तिसरा! तीन-शून्य, पाच-सात मिनिटं उरलेली. मी टाळ्या वाजवल्या. स्टावरोसने बापाकडे बघून हात उंचावले. म्हातारा ढिम्म. वैदेहीने आतून शिऱ्याच्या बश्या आणल्या.

"वहिनी, उचला त्या," मुश्ताकभाई म्हणाले. डोळे टीव्हीवर, चेहरा पांढराफटक.

"अहो, तीन-शून्य आहे!"

"शिट्टी नाय झाली अजून. रेफ्री बघितलात? दोनदा घड्याळ बघितला त्याने. कायतरी ठरलंय ह्यांचा."

"भाई, पाच मिनिटांत तीन गोल कसे होतील?"

"होऊ देतील," मुश्ताकभाई म्हणाले. "आपला गोलकीपर बघा, हसतोय. हसतोय कशाला तो? त्याला काय माहीत हाय?"

मागून काठीचा आवाज आला. थानासिस पुढे सरकून बसले होते. त्यांनी मुलाला विचारलं, हा काय बोलतोय? स्टावरोसने भाषांतर केलं. म्हातारा मुश्ताकभाईंकडे बघत राहिला.

शिट्टी वाजली. स्टावरोस माझ्या गळ्यात पडला. वैदेही म्हणाली, "आता तरी घ्या शिरा!"

मुश्ताकभाई हलले नाहीत. "दुसऱ्या ग्राउंडवरची मॅच संपली का, ते बघा आधी."

त्याच क्षणी थानासिस ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटले. स्टावरोसने चमकून मागे बघितलं.

"काय म्हणाले?"

"तेच," तो म्हणाला. "मुश्ताकभाई म्हणाले तेच."

दुसरी मॅचही संपली होती, निकाल आपल्याच बाजूने. मी फोनवर दाखवलं. दोघांनीही फोन हातात घेऊन, जवळ धरून, नीट बघितला. मग थानासिस उठले. वाकून एक बूट काढला, मग दुसरा. अनवाणी चालत टीव्हीपर्यंत आले आणि मुलाला काहीतरी विचारलं.

स्टावरोसने डोळे पुसले. "विचारतायत, नवा सीझन सुरू झाला की या माणसाच्या शेजारी कोण बसतं?"

"मी," मी म्हणालो.

मुश्ताकभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"डॉक्टर," ते म्हणाले, "उठा."