निकोलोची टोपी

आमच्या डोंगरावर तोंडभर कौतुक करायची रीत नाही. एखाद्याचं काम फारच मनात भरलं, तर माणूस त्या कामासमोर डोक्यावरची टोपी काढतो. बस्स, तेवढंच. माझे सासरे निकोलो यांनी उभ्या आयुष्यात ती एकदाच काढली होती, तीही जेरोलामो नावाच्या गवंड्याच्या भिंतीपुढे, तो मेल्यावर. मेलेल्याचं कौतुक करायला काय जातं!

माझा नवरा ओबेर्तो चाळीस वर्षं द्राक्षमळ्याच्या भिंती रचतोय. चुना नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड, आणि पाणी निचरायला मागे खडीची भर. भिंत गेली की मळा खाली समुद्रात. तो रचायचा आणि म्हातारा येऊन खांदा लावून रेटून बघायचा. दगड हलला की म्हणायचा, "उतरव सगळं. त्यापेक्षा कोंबड्यांचं खुराडं बांध!" नाही हलला, तर मुकाट्याने निघून जायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. ओबेर्तो मात्र दर वेळी त्या टोपीकडेच बघत राहायचा. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या!

गेल्या नोव्हेंबरात पावसाने आमची सगळ्यात मोठी भिंत नेली. ओबेर्तोने हिवाळाभर एकट्याने ती पुन्हा उभी केली. बोटं फुटली, कंबर धरली. तोवर सासऱ्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मला ते आपली आई समजायचे. तरी मार्चमध्ये ओबेर्तो त्यांना हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेला. मीही मागून गेले.

म्हाताऱ्याने दगडांवरून तळवा फिरवला. खांदा लावून रेटलं. काही हललं नाही. मग त्याने टोपी काढली आणि छातीशी धरली.

"कोणाचं हो हे काम?"

ओबेर्तो म्हणाला, "इथल्याच एकाचं."

"त्याला सांगा, निकोलोने टोपी काढली म्हणावं. माझा पोरगाही हेच करतो. पण त्याला नाही हो जमायचं असं. जन्मात नाही."

"सांगतो."

'अहो, हाच तो!' असं मी ओरडणारच होते. ओबेर्तोने नुसत्या नजरेने मला गप्प केलं. टोपी घेऊन त्याने ती परत म्हाताऱ्याच्या डोक्यावर नीट बसवली. "वारा आहे," म्हणाला.

"भले माणूस आहात," सासरे म्हणाले. "वडील आहेत का तुम्हाला?"

ओबेर्तोने पुन्हा त्यांचा हात धरला.

"होते," तो म्हणाला.