मकबूलचं पदरचं वाक्य

लातूरच्या गंजगोलाईत मकबूलनं नुसतं "ऐका हो ऐका" म्हटलं, की भाजीवाल्याचा तराजू हवेतच थांबायचा. बाजाराच्या शेवटच्या खांबाला टेकलेल्या माणसालाही वाटावं, हा माझ्याशीच बोलतोय, असा तो आवाज. तमाशाचे फड, सर्कशी, सिनेमे, साऱ्यांची जाहिरात त्यानं रिक्षावर भोंगा लावून केली.

भूकंप झाला तेव्हा तो विशीत होता. किल्लारीच्या बाजूला, ढिगाऱ्यांच्या कडेनं रिक्षा हळूहळू नेत तो सांगत फिरला. डॉक्टर कुठं बसलेत, भाकरी कुठं मिळते, कुणाचं लेकरू कुठल्या तंबूत आहे. त्या दिवसांत त्यानं एक शब्द पदरचा घातला नाही.

पुढं लातुरात क्लासचे दिवस आले. सर्कशी गेल्या, फड गेले, आणि चौकाचौकात गुणवंत पोरांचे फोटो लागले. मकबूलचा आवाज मात्र टिकला. क्लासवाल्या गुरुपादप्पा सरांनी तर त्याला खोलीत बसवून आपल्या क्लासची जाहिरात रेकॉर्डच करून घेतली. कागदावरचं वाचून झालं, पण मकबूलला ते अळणी वाटलं. टाळीचं वाक्य नाही, तर काय मजा? त्यानं छाती भरून घेतली आणि ठोकून दिलं, "एकदा बसेल तो डॉक्टर, दोनदा बसेल तो दुबळा!"

सर खूश होऊन खुर्चीतून उठले. "तोडलंत चाचा," म्हणाले.

तेव्हा त्याची लेक लायबा दहावीत होती. बारावीनंतर ती डॉक्टरकीसाठी नीटला बसली आणि थोडक्यात हुकली. आता दुसऱ्यांदा बसणार होती.

अशात मशिदीच्या पायरीवरून घसरून मकबूलचा पाय मोडला. प्लास्टर घालून भरदुपारी घरात पडून राहायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली. भोंगेवाल्याला आपला भोंगा समोरून कधी ऐकू येत नाही. त्या दुपारी गल्लीच्या तोंडाशी त्याचाच आवाज वळला. मकबूल कौतुकानं उशीला टेकून बसला.

लायबा उठली. तिनं पुस्तक पालथं ठेवलं, खिडकी लावली आणि खिडकीला पाठ लावून उभी राहिली. बंद खिडकीतूनही ते वाक्य आत आलं. पोरीचे ओठ त्याच्याबरोबर हलले. रिक्षा पुढं गेल्यावर तिनं खिडकी उघडली, पुस्तक उचललं आणि वाचू लागली, जशी काही रोजची नमाज उरकावी.

मकबूलनं दबक्या आवाजात बायकोला विचारलं, हे कधीपासून चाललंय? जाहिदा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमको आज दिखा?"

तो पडून राहिला आणि स्वतःकडे बघू लागला. रोज संध्याकाळी उंबऱ्यातूनच तो विचारायचा, "कितने आए?" शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं. त्याआधी पोरीशी काय बोलायचो, तिला काय आवडायचं, हे आठवायला गेला तर त्याला मार्कच आठवले. घरातही आपण भोंगाच लावून बसलो, हे त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन तो क्लासवर गेला. तेवढं एक वाक्य काढा, म्हणाला. सगळी जाहिरात नव्यानं बोलून देतो, पैसे नकोत.

सरांनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. "चाचा, त्या वाक्यावर तर आईबाप लेकरं घेऊन येऊन राहिलेत. अन् जुनं परत कुठून आणता? नांदेडच्या रिक्षांवर हाय, लोकांच्या मोबाईलवर हाय. आता ते तुमचं न्हाई राहिलं."

मकबूलनं कुबड्या जवळ ओढल्या. सरांनी त्याला घरी सोडायला रिक्षा बोलावली, वरून म्हणाले, "लायबा यंदा निघेल, फिकीर करू नका."

संध्याकाळी लायबा टेस्ट देऊन आली. आज काही विचारायचं नाही, असं मकबूलनं ठरवलं होतं. ती हातपाय धुऊन त्याच्या उशाशी येऊन थांबली. ती हलेना.

"अब्बा, नाराज हैं क्या?"

"नहीं, बेटा."

"फिर पूछे नहीं? किसी ने कुछ बोला क्या?"

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, पण पहिलाच शब्द असा खणखणीत निघाला की पोरीची मान खाली गेली. तो थांबला. प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला आणि खाटेवर तिला जागा केली. ती कडेला टेकली, दप्तर मांडीवरच ठेवून.

आणि न विचारताच सांगू लागली. फिजिक्सला इतके, केमिस्ट्रीला इतके.

"रहने दे," मकबूल म्हणाला, पण इतकं हळू, की तिला ते ऐकूच गेलं नाही. ती बायोलॉजीचे सांगत होती.