पंचवीस की सत्तावीस?

गायीच्या पेशीत गुणसूत्रं साठ, आणि आमच्या बिदरच्या पशुवैद्यकीय कॉलेजातल्या प्रयोगशाळेत त्यांच्यापायी साठलेले किस्से त्याहून जास्त. नव्वदच्या दशकात मी तिथं टेक्निशियन होतो. सर प्रमुख, देशपांडे मॅडम त्यांच्या हाताखाली, आणि आम्हा सगळ्यांना सांभाळून घेणारे अटेंडंट राचप्पा अण्णा, कोहिनूर गावचे.

काम ऐकायला सोपं. गुणसूत्रांचा फोटो काढायचा, कात्रीनं एकेक कापायचं, मोठ्यापासून लहानापर्यंत तीस जोड्या लावून नंबर द्यायचे. अडचण एवढीच, की शेवटच्या जोड्या म्हणजे एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं!

एकदा खजुरी गावी देवणी जातीच्या बैलाचं रक्त घ्यायला गेलो. मालक शरणप्पांना सरांनी सगळं समजावलं, नंबर देताना गोंधळ होतो हेही मोकळेपणानं सांगितलं. शरणप्पा बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मग नंबर कामून देता? नावं ठेवा की. माझी बारा जनावरं हायत, एकबी चुकत न्हाई."

परतीच्या जीपमध्ये सर आळंदपर्यंत जोड्यांना नावं सुचवत होते.

मग तो उन्हाळा. वीज गेलेली. सरांनी साठही तुकडे टेबलावर मांडले आणि वीज आली. पंखा फिरला! आम्ही चौघं दोन तास फरशीवर रांगत होतो. सापडले एकोणसाठ. सर तसेच प्राचार्यांच्या मीटिंगला गेले. तासाभरानं प्राचार्यांनी सरांच्या टकलावरून काहीतरी अलगद उचललं आणि विचारलं, हे तुमचंच ना?

सर विजयी मुद्रेनं परतले. तुकडा जागेवर ठेवत म्हणाले, "पंचवीस नंबर."

मॅडम म्हणाल्या, "सत्तावीस."

त्यावर आठ दिवस दोघांचं बोलणं बंद. निरोप अण्णांमार्फत. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सर पंचवीसची काच मागायचे, मॅडम सत्तावीसची. काच एकच. अण्णा दोघांपुढंही ती ठेवून सांगायचे, "सव्वीस आणलीय."

शेवटी खुणेचा जनुक वापरायचं ठरलं. त्याची जागा जगभर मान्य होती. तो ज्या जोडीवर काळ्या ठिपक्यांनी उमटेल, ती सत्तावीस. त्यासाठी फोटोच्या फिल्मसारखा लेप दिलेल्या काचा काळ्या डब्यात बंद करून तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवायच्या. मध्ये उजेड लागला की सगळं मातीत. डबा उघडला तेव्हा मॅडम बरोबर निघाल्या, आणि सरांनी स्वतः बाहेर जाऊन सगळ्यांसाठी जिलेबी आणली.

पण तो डबा वाचला कसा, ते ऐका.

डबा ठेवल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात बेंगळुरूहून सामान तपासणीचे साहेब आले. सर आणि मॅडम रक्ताचे नमुने घ्यायला कडगंचीला गेलेले, मी रजेवर. साहेबांनी यादी घेऊन एकेक वस्तू पाहिली, फ्रिज उघडला, डब्यावर बोट ठेवलं. यात काय आहे? अण्णांना जनुक काही सांगता येईना. ते फ्रिजसमोर आडवे उभे राहिले.

"अंधार हाय साहेब. उघडला की जातोय."

साहेबांनी अण्णांकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. मग पेन काढून यादीत लिहिलं: अंधार, डबा एक, स्थिती चांगली.